खारं

मैदा तोलला जात असताना माधवीला ते कळलं. दसऱ्याआधीची गर्दी होती. बारामतीच्या पेठेतल्या त्या दुकानात माणसं एकमेकांच्या खांद्यावरून पिशव्या पुढं करत होती. दुकानदार पोत्यातला मैदा कागदी पिशवीत ओतत होता आणि त्याचा पांढरा धुरळा तिच्या मनगटावर, बांगड्यांवर बसत होता. तिच्या मागं तिच्या सासूबाई, प्रयागबाई, गावाकडच्या भागूबाईंशी बोलत होत्या. भागूबाई अवचित भेटल्या होत्या आणि त्यांचा आवाज मुळातच मोठा. "सूनबाईला दावून आणलं म्हनं?" त्यांनी विचारलं. "आणलं की सोमवारी." "मग? काय म्हनले डॉक्टर?" प्रयागबाईंनी आवाज खाली घेतला, तरी माधवीला ऐकू आलं. "खारं हाय म्हनले." त्यावर भागूबाईंनी जिभेनं च्च केलं आणि त्यांचा हात माधवीच्या पाठीवर, दोन खांद्यांच्या मधोमध येऊन टेकला. घरातलं कुणी गेल्यावर पाठीवर ठेवतात तसा. "आणखी काय देऊ, ताई?" दुकानदार विचारत होता. तिला ओवा घ्यायचा होता. पण ओवा हा शब्दच तिला आठवेना. ती दुकानदाराच्या तोंडाकडं बघत राहिली आणि मागचा हात पाठीवरून हळूहळू खाली उतरत गेला.

सोमवारी डबा तिनंच नेला होता. भिगवणवरून हायवेला लागून बरंच पुढं, एका मोठ्या गावात तो दवाखाना होता. कुणाच्या तरी ओळखीनं नंबर लागला होता. रिकाम्या हातानं कसं जायचं म्हणून तिनं आदल्या दिवशी खारी बिस्किटं केली होती, तिची ती नेहमीची, सोपी. जाताना भिगवणला जीप थांबवून प्रयागबाईंनी तिला मासे खायला घातले होते, काटे स्वतःच्या बोटांनी काढून दिले होते. मग दवाखान्यात पोटावर तो गार चिकट लेप, भिंतीकडं वळवलेला सोनोग्राफीच्या मशीनचा पडदा, आणि सगळं झाल्यावर डॉक्टर हात पुसत खुर्चीत बसले. त्यांनी डबा उघडला, एक बिस्किट तोंडात टाकलं आणि तिच्याकडं नव्हे, तिच्या नवऱ्याकडं, राजवर्धनकडं बघत ते म्हणाले, "खारं आहे." "ओवा घातलाय ना, म्हणून जरा जास्त लागत असेल," माधवी म्हणाली होती. हसून म्हणाली होती. "पुढच्या वेळी मीठ बेतानं घालीन." राजवर्धन भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होता. प्रयागबाईंनी पदर डोक्यावर नीट घेतला. पोटातलं मूल मुलगा की मुलगी ते सांगायला आता कायद्यानं बंदी आली होती, म्हणून मुलाला पेढे म्हणतात, मुलीला कुठं जिलेबी म्हणतात, कुठं खारं, हे तिनं चार बायकांत ऐकलेलं होतं. ऐकलेलं असूनही तिनं त्या खोलीत मिठाचा खुलासा केला होता. येताना जीप भिगवणला थांबली नाही, तेव्हाही तिला वाटलं, उशीर झाला असेल. आता दुकानात उभ्या उभ्या तिला आधी दुःख झालं नाही, रागही आला नाही. आधी लाज वाटली. त्या तिघांसमोर आपण ओव्याबद्दल बोललो याची लाज कानांच्या पाळ्यांपर्यंत चढत गेली.

घरी येताना रिक्षात प्रयागबाईंनी मैद्याची पिशवी स्वतःच्या मांडीवर घेतली होती, माधवीला वजन नको म्हणून. वजन नको, हे त्या अजूनही सवयीनं पाळत होत्या. सृष्टी, माधवीची पाच वर्षांची मुलगी, शेजारच्यांकडून धावत आली आणि तिनं विचारलं, "आजी, आपट्याची पानं आणली?" रस्त्यावरून ऊसतोडीवाल्यांच्या बैलगाड्या चालल्या होत्या. त्यांच्या बायका, कोंबड्या, पत्र्याच्या पेट्या, शेळीची बांधलेली करडं, सगळा संसार गाड्यांत भरून ते भवानीनगरच्या बाजूला जात होते. राजवर्धन तिथल्या कारखान्यात केमिस्ट होता. हंगाम तोंडावर आला होता आणि तो रोज मोटारसायकलवरून जाऊन अंगाला मळीचा आंबूस वास घेऊन परत यायचा. मोळीच्या कार्यक्रमाला, म्हणजे उसाची पहिली मोळी गव्हाणीत टाकायच्या दिवशी, चहाबरोबर माधवीची बिस्किटं ठेवायची असं ठरलं होतं. मागच्या वर्षी कुणा साहेबांच्या बायकोनं ती खाल्ली होती आणि यंदा तिनंच निरोप पाठवला होता. त्याच निरोपाच्या जोरावर माधवी महिनाभर ताठ मानेनं वावरत होती. आणि मोळीच्या दुसऱ्या दिवशी जीप सांगितलेली होती. ते तिला आधीपासून माहीत होतं. "औषधं द्यायची हायेत, परत बोलावलंय," असं प्रयागबाई म्हणाल्या होत्या. कसली औषधं ते आत्ता, मैद्याची पिशवी ओट्यावर ठेवताना, पुरतं कळलं.

करायला अगदी सोपी होती ती बिस्किटं. मैदा आणि बेकिंग पावडर एकत्र चाळायची, मीठ, हातावर चोळलेला ओवा, चिमूटभर पिठीसाखर. मग थंड लोणी बोटांच्या टोकांनी मैद्यात चोळत राहायचं, सगळं ओल्या वाळूसारखं रवाळ होईपर्यंत. तळहात लावायचा नाही, तळहाताच्या उष्णतेनं लोणी वितळतं. मग थोड्या दुधात गोळा बांधायचा, मळायचा नाही, नुसता एकत्र आणायचा. हे सगळं तिला बारामतीतल्या एका बाईंच्या क्लासमध्ये शिकायला मिळालं होतं. सृष्टी झाल्यावर तिला वर्षभर कशात गोडी वाटेना, नुसती खिडकीशी बसून राहायची, तेव्हा राजवर्धनच तिचं नाव त्या क्लासात घालून आला होता, आणि पुण्याहून तो गोल ओव्हन मोटारसायकलच्या टाकीवर ठेवून, दोन हातांच्या मध्ये धरून घेऊन आला होता. काचेची खिडकी फुटू नये म्हणून वाटेत सगळीकडं हळू चालवत आला होता. असा माणूस. त्या माणसाबद्दल आता काय समजायचं? ती लोणी चोळत होती आणि तिला स्वतःबद्दलही काही समजेनासं झालं होतं. कारण तिला काही कुणी ओढून नेलं नव्हतं. 'वाढ बघायला' असं सगळे म्हणत होते तेव्हा वाढ बघायला इतक्या लांब का, असं तिनं विचारलं नव्हतं. तिला खात्री होती, या वेळी पेढेच. चेहऱ्यावरून शेजारणी सांगत होत्या, डोहाळ्यांवरून सांगत होत्या. ती जिंकायला निघाली होती. हरणारा कुणीतरी असणार, हे तिच्या मनातच आलं नव्हतं.

राजवर्धन सकाळच्या पाळीवरून दुपारी आला. ती पोळपाटावर गोळा लाटत होती. तो हातपाय धुऊन ओट्याशी उभा राहिला, कच्च्या पिठाचा एक तुकडा तोडून त्यानं तोंडात टाकला, नेहमी टाकायचा तसा.

"मला कळलंय," ती म्हणाली.

तो चघळायचा थांबला. मग गिळलं. "कुणी सांगितलं?"

"डॉक्टरांनीच सांगितलं होतं की, माझ्यासमोर. मलाच ऐकू आलं नाही."

"मी सांगणार होतो. कार्यक्रम होऊ दे म्हटलं. तुझ्या मागं एवढं काम..."

"तुम्हाला काय वाटतं?"

"वाटायचं काय त्यात."

"तसं नाही. तुम्हाला. स्वतःला."

तो खिडकीबाहेर बघायला लागला. कारखान्यात तो रसाच्या नळ्या उजेडात धरून बघायचा, गढूळ किती, नितळ किती, आणि बघता क्षणी सांगायचा. घरात असं काही उजेडात धरायची वेळ आली की त्याचे डोळे दुसरीकडं जायचे. "आईचं तू बघतीस," तो म्हणाला. मग वडिलांचं काढलं. "तात्या गावाकडं माणसांत बसत नाहीत हल्ली. भावकीतला जो तो विचारतो, पुढं कोण म्हणून. मला एकट्याला वाटून काय होणारंय, माधवी? आणि हे काय कुणी करत नाही असं नाही. अर्ध्या दिवसाचं काम आहे. संध्याकाळी घरी." मग तो जवळ आला, तिच्या कपाळाला पीठ लागलं होतं ते त्यानं अंगठ्यानं पुसलं आणि हळूच म्हणाला, "तुला त्रास होणार नाही, मी विचारून घेतलंय." तिला त्याच्या अंगठ्याचा स्पर्श आवडला, आणि तो आवडला म्हणून तिला ओरडावंसं वाटलं. तिनं लाटणं खाली ठेवलं नाही. वाटीच्या कडेनं ती गोल कापत राहिली. काट्यानं टोचे मारत राहिली. टोचे मारले नाहीत तर बिस्किटं मध्येच फुगतात, वाकडी होतात.

दिवस असे गेले की ते गेल्याचंही कळलं नाही. चकलीची भाजणी, घराची झाडलोट, सृष्टीच्या शाळेचा भोंडला, गावाकडून येणारीजाणारी माणसं, आणि या सगळ्यात ओव्हनमधून एकामागून एक निघणारी ताटं. सगळं घर ओव्याच्या आणि लोण्याच्या वासानं भरून राहिलं. पहिल्या महिन्यात याच वासानं तिला उलट्या व्हायच्या. आता काही व्हायचं नाही, आणि ते काही न होणं तिला छळायला लागलं. ती उभ्या उभ्या पोटावर हात ठेवायची. आत काही हलत नव्हतं. सृष्टीच्या वेळी याच सुमाराला हललं होतं. तिच्या मनात एक विचार आला आणि आल्यावर तो जाईना. आतच गेलं असेल. आपोआप. मग कुणालाच काही करावं लागणार नाही. मग प्रयागबाई तिच्या पायाला तेल लावतील, राजवर्धन गप्प बसेल, ती चार दिवस रडेल आणि कुणाचा दोष असणार नाही. ती मनातल्या मनात त्या जिवाला म्हणायला लागली, जा ना बाई. तूच जा. ताटात बिस्किटं मांडताना, नळाखाली हात धुताना, सृष्टीच्या वेण्या घालताना तिच्या ओठांआड ते चालू असायचं. सृष्टी आरशातून विचारायची, "आई, तू काय म्हणतीस?" "काही नाही गं." तिला नरसिंहपूरचं घर आठवायचं, भीमा-नीरेच्या संगमाजवळचं तिचं माहेर. ती तिथली तिसरी मुलगी. तिच्या जन्माच्या दिवशी वडील देवळाच्या पायऱ्यांवर बसून राहिले होते आणि जेवायला घरी आले नव्हते, हे घरात हसत सांगितलं जायचं. सांगणारे वडीलच असायचे आणि सर्वांत जास्त तीच हसायची. पायऱ्यांवर बसून राहण्यापलीकडं तेव्हा कुणाच्या हातात काही नव्हतं, एवढ्यावरच आपण आहोत, हे तिला आता ओव्हनच्या काचेतून आत बघताना दिसलं.

मोळीच्या आदल्या दिवशी दुपारी वीज गेली. ओव्हनमध्ये भरलेलं ताट होतं. काचेआड बिस्किटं अर्धी फुगून तशीच थांबली, आणि मग तिच्या डोळ्यांदेखत हळूहळू बसायला लागली. ती ओट्याला टेकून खाली बसली. प्रयागबाई चकल्यांचा सोऱ्या धूत होत्या, त्या हात पुसत तिच्यासमोर येऊन बसल्या. सृष्टी झोपली होती. पंखा बंद झाल्यावर घर एकदम शांत झालं.

"येईल लाईट," प्रयागबाई म्हणाल्या. "जिवाला लावून घिऊ नगं."

"आत्या, मला जायचं नाही."

"कार्येक्रमाला?"

"परवा."

प्रयागबाई फरशीवर सांडलेला मैदा बोटानं गोळा करत राहिल्या. "मला चार पोरी झाल्या," त्या म्हणाल्या. "चौथीच्या टायमाला मला पाची दिवस कुनी कढत पानी बी दिलं न्हाय. राजा झाला तवा सासूनं माज्याकडं पयल्यांदा बगितलं. तोवर मी त्या घरात हुतेच न्हाय. तुला ते नगं म्हनून मी करतीया समदं. तुला काय वाटतं, मला हौस हाय व्हय? तवा हे मशीन असतं तर मी सुटले असते."

"मग मनिषावन्सं नसत्या," माधवी म्हणाली.

मनिषा ही चौथी. राजवर्धनच्या लगेच आधीची. इंदापूरला शाळेत शिकवायची, आईसाठी दर सणाला लुगडं घेऊन यायची, आईची नखं काढायची, आणि प्रयागबाई आजारी पडल्या की त्यांना तिच्याशिवाय कुणाच्या हातचं पाणी चालायचं नाही. प्रयागबाईंचं बोट फरशीवर थांबलं. त्यांचा चेहरा कुणीतरी मागून ढकलल्यासारखा एकदम पुढं आला आणि माधवीला वाटलं, आता या मारतील. "तिचं नाव कशाला मधी आनतीस?" त्या म्हणाल्या. "तिचं नाव न्हाय घ्यायचं ह्याच्यात." त्या उठल्या. दारात गेल्या, तिथं चौकटीला धरून पाठमोऱ्या उभ्या राहिल्या. "जीप सांगितलीया," त्या बाहेर बघत म्हणाल्या. "कुंडलिक येईल परवा सकाळी." आणि त्याच वेळी वीज आली, पंखा फिरायला लागला, ओव्हनची तार लाल झाली, आणि माधवीच्या पोटात, बेंबीच्या खाली डाव्या बाजूला, काहीतरी हललं. माशानं पाण्याखालून शेपूट फिरवावं तेवढंच. तिला आनंद झाला नाही. तिनं दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड दाबून धरलं. इतके दिवस ती ज्याला जा म्हणत होती त्यानं ते ऐकलं असेल, असं तिला वाटलं.

मोळीच्या दिवशी ती डबे घेऊन जीपमधून भवानीनगरला गेली. सृष्टीला प्रयागबाईंनी घरी ठेवून घेतलं होतं, गर्दीत नको म्हणून. मांडव, हार, ध्वनिक्षेपकावर बोलणारी माणसं, उसानं भरलेल्या गाड्यांची रांग थेट रस्त्यापर्यंत. मोळी पडली, फटाके वाजले, चाक फिरायला लागलं आणि जमीन तळव्यांखाली थरथरायला लागली. बायका तिची बिस्किटं खात होत्या. "तोंडात विरघळतात हो," "आम्हाला शिकवा की," असं म्हणत होत्या, आणि ती हसून सांगत होती, अगदी सोपं आहे, लोणी थंड पाहिजे. ती हे सांगत असताना तिच्यातली दुसरीच कुणीतरी मांडवाच्या बाहेर चालायला लागली होती. मग ती खरंच चालत होती. गाड्यांच्या रांगेच्या कडेनं, बैलांच्या तोंडांजवळून, ती रस्त्यावर आली. इंदापूरची एसटी आली, तिनं हात केला की नाही हे तिला कळलं नाही, पण एसटी थांबली. दार उघडलं. "कुठं जायचं?" कंडक्टरनं विचारलं. इंदापूर, तिथून नरसिंहपूर. आई काही विचारणार नाही, आधी जेवायला वाढील. तिनं पायरीवर पाय ठेवला आणि तिला सृष्टीच्या मानेवरची लव दिसली, वेणी घालताना दिसते ती. सृष्टी बारामतीत होती. ही एसटी धरली तर सृष्टी त्या घरात राहणार, आणि मग कधी, कशी हातात येणार? आणि परत गेलं तर उद्या सकाळी जीप. एका पोरीला सोडायचं ते कुठल्या? ती पायरीवर एक पाय ठेवून उभी होती. "अहो ताई, चढता का उतरता?" मागचे प्रवासी ओरडत होते. तिनं पाय खाली घेतला. धुरळा उडवत एसटी गेली. ती रस्त्याच्या कडेला, उसाच्या पाचटात बसली आणि तिथंच वाकून ओकली. लांबून एक ऊसतोडीवाली बाई तांब्या घेऊन आली, तिनं काही न विचारता माधवीच्या चुळा होईपर्यंत पाणी ओतलं आणि परत गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी कुंडलिकची जीप दारात आली. कुंडलिक हा गावाकडचाच, घरातल्या सगळ्यांना नेणारा आणणारा. प्रयागबाई मागं बसल्या होत्या, त्यांच्या मांडीवर पिशवी होती, त्यात जुनी लुगडी, थर्मास. राजवर्धन पुढं बसायला निघाला होता. माधवी घरातून बाहेर आली तेव्हा तिच्या कडेवर सृष्टी होती, न्हाऊमाखू घातलेली, दसऱ्याचा झगा घातलेली.

"हिला कशाला?" प्रयागबाई म्हणाल्या. "शेजारी ठेव तिला."

"हिला घेऊन जायचं," माधवी म्हणाली. तिचा आवाज तिला स्वतःलाच अनोळखी वाटला. "बघू दे की तिला. काय करतात ते बघू दे."

"अगं याड लागलं का तुला? लेकरू हाय ते!"

"हो. तेच म्हणते मी."

तिनं सृष्टीला पुढच्या सीटवर, राजवर्धनच्या जागी बसवलं आणि स्वतः मागं जाऊन बसली. तिला दुसरं काही सुचलं नव्हतं. तिच्याजवळ भांडायला शब्द नव्हते, पळायला वाट नव्हती. आपण काय करतो आहोत हे तिलाही पूर्ण माहीत नव्हतं. राजवर्धन जीपच्या दाराशी उभा होता. सृष्टी आरशात बघून भांग नीट करत होती. "पप्पा, चला ना," ती म्हणाली. "आपण कुठं चाललोय?"

कुंडलिक समोरच्या काचेकडं बघत होता. इंजिन चालू होतं.

"पप्पा, कुठं चाललोय?"

राजवर्धन जीपमध्ये चढला, सृष्टीला उचलून मांडीवर घेतलं. माधवीला त्याची फक्त मान दिसत होती, दाढीचं पातं लागून कापलेली जागा दिसत होती. जीप निघाली. पेठ गेली, स्टँड गेला, भिगवण रस्त्याचं वळण जवळ यायला लागलं. कुंडलिकनं वळायचा दिवा लावला. "पप्पा, सांगा ना." आणि राजवर्धन म्हणाला, "आजीकडं." त्याचा आवाज फुटला होता. "नरसिंहपूरच्या आजीकडं. कुंडलिक, सरळ घे. इंदापूर रोडनं."

"राजा!" प्रयागबाई म्हणाल्या.

"सरळ घे म्हटलं ना!"

प्रयागबाईंनी जीप थांबवायला लावली. त्या खाली उतरल्या, पिशवी काखेत घेतली आणि मागं न बघता घराच्या दिशेनं चालायला लागल्या. सकाळच्या उन्हात त्यांचं नेसूचं हिरवं लुगडं बराच वेळ दिसत होतं. पुढचा सबंध रस्ता राजवर्धननं मागं वळून पाहिलं नाही. तो सुटका करतो आहे की नुसतं एक दिवस पुढं ढकलतो आहे, हे माधवीला समजेना. त्यालाही समजत नसावं. भवानीनगरच्या धुराड्यातून धूर निघत होता, पाळीची वेळ टळून गेली होती, आणि तो तिथं उतरला नाही. इंदापूरच्या स्टँडवर उतरला. "मी आईकडं जातो," तो म्हणाला. "पुढचं बघू." मग जीपच्या खिडकीवर हात ठेवून उभा राहिला. माधवीनं त्या हातावर हात ठेवायला हवा होता. तिचा हात उचलला गेला नाही.

मुलगी फाल्गुनात झाली. राजवर्धन महिन्यातून एकदा यायचा, सृष्टीसाठी खाऊ आणायचा, ओसरीवर बसून माधवीच्या वडिलांशी पावसापाण्याचं बोलायचा आणि संध्याकाळच्या गाडीनं परत जायचा. बारामतीला परत कधी यायचं हे त्यानं विचारलं नाही, तिनंही नाही. पाळण्यातल्या मुलीच्या बोटात बोट देऊन तो बसायचा तेव्हा त्याच्या तोंडावर जे असायचं ते प्रेम होतं की भीती, हे तिला ओळखता यायचं नाही. तिला रात्रीची झोप लागत नसे. मुलगी गाढ झोपली की ती नाकाशी बोट धरून बघायची. मी तुला जा म्हटलं होतं, हे तिला कुणाला तरी सांगायचं होतं, आणि सांगता येण्यासारखं एकच माणूस होतं, तेही अजून बोलायला लागलं नव्हतं.

चैत्र सरता सरता, भर उन्हाची, प्रयागबाई आल्या. एकट्या, एसटीनं. ओसरीच्या पायरीवर बसल्या, पाणी मागितलं, प्याल्या. वाळल्या होत्या. माधवी मुलीला मांडीवर घेऊन दाराच्या आत बसली होती. प्रयागबाई अंगणातल्या कडुलिंबाकडं बघत होत्या.

"मनिषानं मला टाकलंय," त्या म्हणाल्या. "तिला कळलं समदं. सनाला आली न्हाय. म्हनली, मला बी तसंच केलं असतं तुमी." पदरानं त्यांनी तोंड पुसलं. "काय नाव ठिवलं हिचं?"

"अजून नाही ठेवलं."

"आगं, दीड म्हैना झाला."

"ठेवता आलं नाही, आत्या. धीरच होईना."

प्रयागबाई वळल्या. त्यांनी पहिल्यांदा मुलीकडं पाहिलं. मुलगी जागी होती, छपराच्या फटीतून येणाऱ्या उजेडाकडं बघत होती. "मंग मी कुनाला बगाया आले म्हनून सांगू गावात?" त्या म्हणाल्या. त्या उंबऱ्याशी आल्या, खाली बसल्या, आणि त्यांनी दोन्ही हात पुढं केले. सुरकुतलेले हात, माशांचे काटे काढून देणारे, तेल लावणारे. ते आत येऊन राहिले होते, उंबऱ्यावरून आत.

माधवीनं त्या हातांकडं पाहिलं. त्यांत मुलगी ठेवावी असं तिला वाटलं, अगदी मनापासून वाटलं. ती पुढं झुकलीसुद्धा. पण तिच्या बाहूंनी मुलीला घट्ट धरलं होतं आणि ते सुटेनात.

"द्या की, माधवीबाई," प्रयागबाई म्हणाल्या. सुनेला त्या पहिल्यांदाच असं म्हणत होत्या.

"अजून नाही, आत्या," ती म्हणाली. "अजून नाही होत."

प्रयागबाईंनी मान हलवली. हात मात्र त्यांनी मागं घेतले नाहीत.